उलटं काकपद

साठ सालच्या आसपास अमरावतीत लग्नपत्रिका छापायची म्हटली, की जाणती माणसं छापखान्याचं नाव विचारत नसत. "सिंधूबाईच्या नजरेखालून गेली ना?" एवढंच विचारत, आणि हो म्हटलं की निर्धास्त होत. तीच सिंधूबाई गल्लीत समोरून आली, तर मात्र हीच माणसं पोराबाळांना घेऊन दुसऱ्या कडेला सरकत. माणसाची जातच अशी, ज्याच्यावर भार टाकायचा त्याच्याच सावलीला भ्यायचं. लोक म्हणत, बाईला पुढचं दिसतं. बाईला पुढचं सोडा, नाकासमोरचंसुद्धा कसं दिसलं नव्हतं, ते सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात घडलं.

त्या वर्षी सिंधू तिशीत होती. नवरा कमलाकांत, एका वकिलाकडे कारकून. दोन वर्षांपूर्वी तो सकाळी रिद्धपूरला दर्शनाला म्हणून गेला आणि महानुभावांची दीक्षा घेऊन तिथंच राहिला. मेला असता तर चार बायकांनी गळा तरी काढला असता. कुंकू लावलं तरी शेजारणी बघत, नाही लावलं तरी बघत. धामणगावच्या थोरल्या दिरांचा निरोप आला होता की इकडे या, दोन घास खाऊन राहा. त्या दोन घासांबरोबर आणखी काय काय गिळावं लागतं हे तिनं त्या घरात एका विधवा चुलतजावेच्या तोंडावर वाचलेलं होतं. तिनं मॅट्रिकच्या जोरावर खुशालरावांचा छापखाना गाठला.

खुशालरावांना प्रूफं तपासणारं माणूस हवंच होतं. त्यांचे जुने मोरोपंत अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते, वाचा गेली होती. खुशालरावांनी सिंधूला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मृग लागेपर्यंत पाहतो. जमलं तर राहा. नाई तर धामणगावची गाडी हायेच." त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या गाडीचं नाव निघालं आणि सिंधूनं लगेच पदर खोचला.

चुका तिला पटापट दिसत. अडचण वेगळीच होती. पहिल्याच दिवशी कापडाच्या दुकानाच्या जाहिरातीत एक अक्षर जास्त पडलेलं दिसलं, म्हणून तिनं शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "येथील एक अक्षर कृपया कमी करावे." दुसरं प्रूफ आलं, त्यात 'उत्तम धोतरजोडे'च्या पुढं तेच वाक्य खिळ्यांनी जुळवून बसवलेलं, कृपयासकट! सगळा छापखाना पोट धरधरून हसला. फक्त कंपोझिटर इनायतुल्ला हसला नाही. त्याची दाढी पिकली होती आणि बोटं शिसं हाताळून काळी पडली होती.

"बाई, आमी मजकूर वाचत नाई," तो म्हणाला. "आमी खुणा वाचतो. तुमी खूण करा, मी खिळा हालवतो. बोलून काई फायदा नाई."

"मग मला खुणा शिकवा ना, चाचा."

"आता कशा शिकवू? मले येतात, पण सांगता नाई येत. पंतानं मले कदी सांगतल्याच नाईत. ते खूण करत, माहा हात चालत जाय."

झालं. ज्याला येतं त्याला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येत होतं त्याची वाचा गेलेली. सिंधूनं पुस्तकाचा शोध सुरू केला. अमरावतीच्या वाचनालयात शुद्धलेखनाची पुस्तकं होती, पत्रलेखनाची होती, गुरांच्या रोगांवरसुद्धा होतं. प्रुफाच्या खुणांवर एकही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, अकोल्यात ताजनापेठेच्या बाजूला एक जुना पुस्तकवाला आहे. ती बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेली. पुस्तकवाल्यानं माळ्यावरून एक इंग्रजी पुस्तक काढून धूळ झटकली. पहिल्याच पानावर चाळीस-पन्नास खुणा आणि प्रत्येकीचा अर्थ दुसऱ्या खुणेच्या भाषेत सांगितलेला! ज्याला सगळं येतं त्यानं वाचावं आणि आपल्याला सगळं येतं म्हणून खूष व्हावं, असं ते पुस्तक. त्यात काना नव्हता, मात्रा नव्हती, वेलांटी तर औषधालाही नव्हती.

"नवशिक्याला कळेल असं नाही का काही?" तिनं विचारलं.

पुस्तकवाला हसला. "नवशिक्यासाठी कोण पुस्तक लिहिते, बाई? नवशिक्या मार खाऊनच शिकते."

परतीच्या गाडीत तिला रडू आलं. पण रडून खुणा येत नाहीत, हेही तिला कळत होतं.

मग तिनंच वाट काढली. छापखान्याच्या मागच्या खोलीत मोरोपंतांनी तपासलेली जुनी प्रूफं सळईला टोचून ठेवलेली होती, आणि प्रत्येक कामाची एक छापील प्रत फडताळात. प्रूफ घ्यायचं, त्यावरची खूण पाहायची, मग छापील प्रतीत त्या जागी काय बदललं ते पाहायचं. वळसा घेऊन शेपटी खाली सोडली की अक्षर उडतं. दोन आडव्या रेघा मारल्या की जागा सुटते. कळलं की ती एका पुठ्ठ्यावर खूण काढून शेजारी साध्या मराठीत अर्थ लिहायची, उद्या पहिल्या दिवशी येणाऱ्या माणसालाही समजेल असा. भर दुपारी सगळे जेवायला गेले की त्या खोलीत ती आणि मोरोपंतांचा लाल पेन्सिलीचा हात, दोघंच असत. महिनाभरात तिला त्या रेघांमधून पंतांचा स्वभाव कळायला लागला. कुठं चिडले, कुठं कंटाळले, कुठं मालकाला मनातल्या मनात शिवी घातली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की आपल्या रेघा डावीकडं कलताहेत. तिचं अक्षर सरळ होतं. कलायचे ते पंत.

इनायतुल्लानं प्रूफ हातात घेतलं, जरा लांब धरलं. "हात पंताचा झाला तुमचा," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीला बोट लावून कामाला लागला. सिंधूला ते शाबासकीसारखं वाटलं. अंगावर काटा आला तोही तिनं आनंदाचाच मानला.

एक खूण तेवढी अडत होती. राहिलेलं अक्षर आत घालायचं असलं की ओळीत कावळ्याच्या पावलासारखी खूण करतात, टोक वर. तिला काकपद म्हणतात, हे कुणालाही ठाऊक असतं. पण काही लग्नपत्रिकांच्या प्रुफांवर, अगदी माथ्यावरच्या 'श्री'च्या डोक्यावर, पंतांनी तेच काकपद उलटं काढलं होतं, टोक खाली. फडताळातली छापील प्रत काढून पाहावी तर काहीच बदललेलं नाही! श्री जागच्या जागी, फक्त शाई ताजी, ठसा जरा ठळक. सिंधूनं दोन-चार पत्रिका ताडून पाहिल्या. सगळीकडं तेच. तेव्हा तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं, "श्री ठसठशीत उमटवा."

तरी मनाची खात्री करावी म्हणून ती मोरोपंतांच्या घरी गेली. त्यांची बायको रमाबाई उशाशी पंखा घेऊन बसल्या होत्या. सिंधूनं प्रूफ पंतांच्या डोळ्यांपुढं धरलं आणि त्या खुणेवर बोट ठेवलं. "पंत, हे श्री ठळक करण्यासाठीच ना?"

पंतांचा श्वास भराभर व्हायला लागला. एका डोळ्यातून पाणी आलं. धड असलेला हात चादरीवर सरकला आणि नखानं तेच काकपद काढायला लागला, उलटं, एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. चादरीला चुण्या पडल्या तरी थांबेना.

"खूष झालेत," रमाबाई म्हणाल्या. "महिन्यांनी हात हलवला हो त्यांनी. येत जा अधूनमधून."

सिंधू आनंदानं घरी आली.

वैशाखात राजापेठेतले नत्थुजी वानखडे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. मुलगी शकुन, एकुलती एक. लांबच्या पाहुण्यांची पाकिटं पत्ते घालून छापखान्यातच ठेवली, म्हणजे तिथूनच टपालात पडतील. गावातल्या पत्रिका घरी पोचवायच्या. सिंधूनं प्रूफ डोळ्यात तेल घालून तपासलं. एक वेलांटी, एक अनुस्वार. शेवटी माथ्यावरचा श्री तिला फिका वाटला. एकुलत्या एका मुलीचं लग्न, श्री कसा ठसठशीत हवा! तिनं लाल पेन्सिल उचलली आणि त्याच्या डोक्यावर उलटं काकपद काढलं. हात जराही अडखळला नाही.

इनायतुल्लानं ते पाहिलं आणि जागीच थांबला. सिंधूकडं पाहिलं. तिनं आत्मविश्वासानं मान हलवली.  तो प्रूफ घेऊन आपल्या खिळ्यांच्या घोडीकडं गेला, आणि ते काम त्यानं एकट्यानंच पुरं केलं. संध्याकाळी खुशालराव म्हणाले, "जमून राहिलं तुमाले, बाई." धामणगावची गाडी मृगाआधीच चुकली असं सिंधूला वाटलं, आणि तिनं दोन पैशांचा मोगरा घेतला.

गावातल्या पत्रिकांचा गठ्ठा आधीच पोचला होता, पण त्यातल्या थोड्या कमी पडल्या म्हणून चार दिवसांनी राहिलेल्या घेऊन सिंधूच नत्थुजींकडं गेली. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मांडवात शकुन हळद लावून बसली होती, भोवती आळीतल्या बायका. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टांगे थांबले आणि हंबरडा ऐकू आला. वरूडकडच्या पाहुण्या. पांढरी लुगडी, केस मोकळे, छाती पिटत, शकुनच्या नावानं टाहो फोडत त्या मांडवापर्यंत आल्या आणि पुढच्या बाईला हळदीतली शकुन दिसली.

रडणं मध्येच तुटलं. कुणीही शकुनच्या तोंडाकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी आधी तिच्या पायांकडं पाहिलं, पावलं सरळ आहेत की उलटी.

"काय झालं? कोन गेलं?" नत्थुजी धावत आले.

पाहुण्यांतली जाईबाई सगळ्यात वडील. तीच पुढं झाली. "तुमची पोट्टी गेली न बापा! पत्रिका आली, काया काठाची. वर शिरी नाई."

"अवं, ते लग्नाची पत्रिका हाये! वाचली नाई का कोनी?"

"मरनाची पत्रिका कोनी पुरी वाचते का? काया काठ पायला, शकुनचं नाव दिसलं, फाडली, डोक्यावरून पानी घेतलं न गाडीत बसलो."

खरंच होतं. वऱ्हाडातच काय, कुठंही अशी पत्रिका घरात घेत नाहीत. काळा काठ दिसला की नावापुढचा मजकूर कुणाच्या नजरेला पडतच नाही. शकुनच्या लग्नाची तिथी, मुहूर्त, आपल्या उपस्थितीची प्रार्थना, सगळं वरूडकडच्या उकिरड्यांवर फाटून पडलं होतं. सिंधूच्या हातातला गठ्ठा खाली पडला. त्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर श्री होता. ठसठशीत.

तेव्हा शकुन बोलली. इतक्या हळू, की बायकांना वाकावं लागलं. "मी पायलं होतं, बाबा. विहिरीच्या काठावर, दुपारी. कावळ्याचं जोडपं. नको त्या वक्ताले."

मांडव गार पडला. कावळ्यांचं मैथुन ज्याच्या नजरेस पडतं त्याचं मरण जवळ, हे त्या मांडवातल्या लेकराबाळांनाही माहीत होतं. आणि त्यावर उतारा एकच, तोही माहीत होता. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी दूरच्या नातलगांना धाडायची. कुणीतरी खरंखुरं रडलं पाहिजे. रडणं झालं, की आलेलं मरण ते ऐकून माघारी जातं.

"काहून सांगतलं नाई व मायबाई?" नत्थुजी तिच्यापुढं खाली बसले.

"लगन मोडलं असतं म्हून."

"मंग बातमी धाडली कोनी?" जाईबाईनं विचारलं.

सिंधूला राहवलं नाही. ती पुढं झाली. "माझ्या हातून झालं. ती खूण मी केली. मला वाटलं..." पुढचं जाईबाईनं बोलूच दिलं नाही. आपला खरखरीत तळवा तिच्या तोंडावर दाबला. "बोलू नोको, बाई. बोललं का उतारा फुकट जाते." आणि ती म्हातारी, नात्याची ना गोत्याची, सिंधूच्या पाया पडली. मागोमाग बाकीच्या. हळदीच्या हातांनी शकुनसुद्धा.

शकुन उठता उठता म्हणाली, "आत्या कुठी हाये? सुंदराआत्या नाई आली?"

पाहुण्यांनी एकमेकींकडं पाहिलं. नत्थुजींची बहीण सुंदराबाई शेंदूरजनाघाटची. शकुनची आई बाळंतपणात गेल्यावर तिनंच पोर वाढवली होती. जाईबाई म्हणाली, "पत्रिका तिच्याच हातात पडली न आधी. संत्र्याच्या बागेत जाऊन बसली. तुमी व्हा पुढं म्हने, मी येतो मागून."

नत्थुजींनी तिथल्या तिथं तारघराकडं माणूस पिटाळला.

सिंधू छापखान्यात आली ती थेट इनायतुल्लापुढं उभी राहिली. "चाचा, ती खूण कशाची आहे?"

त्यानं हातातला खिळा खाली ठेवला. "म्हंजे तुमाले मालूम नव्हतं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ज्याच्या घरी असं काई झालं, तो पंताच्या कानात सांगे. पंत ते खूण करत. मंग लांबच्या पाहुन्याच्या पत्रिका मी शिरी काढून, काया काठ लावून छापायच्या आन् इथूनच टपालात टाकायच्या. त्याच्या घरी न्यायच्या नाईत. छापखान्यात एकबी ठेवायची नाई. आन् इचारायचं नाई. इचारलं का गेलं."

फडताळात काळ्या काठाची एकही प्रत नव्हती ती म्हणून. जी खूण दिसत होती तिचं काम कुठंच दिसत नव्हतं, आणि सिंधूनं जे दिसलं त्यावरून शहाणपण जुळवलं होतं.  मग तिच्या मनात दुसरंच आलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

"पण चाचा, शकुननं मला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मी नेमकी तिच्याच पत्रिकेवर ती खूण का केली?"

इनायतुल्ला तिच्या उजव्या हाताकडं पाहत होता. "हात पंताचा झाला, म्या तर पयलेच म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेला.

शकुन जिवंत असल्याची तार वरूडला गेली, तिथून सायकलवर शेंदूरजनाघाटला गेली. सायकलवाला बागेशी पोचला तेव्हा सुंदराबाईला तिरडीवर घेऊन चालले होते. ती झाडाला टेकून दोन दिवस रडली, मग रडायची थांबली, एवढंच लोकांना सांगता आलं. फाटलेल्या पत्रिकेतला नावापुढचा एक शब्दसुद्धा तिनं वाचला नव्हता. आणि ती तर शाळेत जाऊन वाचायला शिकलेली, गावातली पत्रं वाचून दाखवणारी बाई होती.

बहिणीच्या मरणाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन नत्थुजी स्वतः छापखान्यात आले. सिंधूला वाटलं, आता हे शिव्या देतील, आणि तिला त्या शिव्या हव्याही होत्या. नत्थुजींनी हात जोडले. "बाई, तुमचे उपकार फिटनार नाईत. मरन आलं होतं ते खाली हातानं थोडंच जानार? बहिनीनं आपलं आयुष्य पोट्टीले देल्लं."

"नत्थुजी, असं म्हणू नका. मला ती खूण कळलीच नव्हती हो. मला वाटलं, श्री मोठा करायचा. माझ्या अडाणीपणामुळं त्या गेल्या. मी मारलं त्यांना." तिनं सगळं स्वच्छ सांगितलं. खुशालराव गल्ल्यावरून ऐकत होते. नोकरी गेली तर गेली, असं तिनं मनाशी ठरवलंच होतं.

नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे मान डोलावली. "ज्याले दिसते, ते असंच बोलते," ते खुशालरावांना म्हणाले. "या बाईले कदी काढू नका, मालक."

"काढतो कायले? आजपासून कायमच केली," खुशालराव म्हणाले. तेही तिच्या डोळ्यांकडं पाहत नव्हते.

एखाद्यानं खरं बोलावं आणि साऱ्या गावानं ते विनय म्हणून ऐकावं, याच्याइतकी एकटी जागा दुसरी नाही. सिंधूला ओरडावंसं वाटलं. पण ओरडली असती तरी त्याचाही काही अर्थ लावला असता त्यांनी.

दुपारी सुंदराबाईच्या पत्रिकेचं प्रूफ आलं. सगळे जेवायला गेले होते. वर श्री नव्हता, चारी कडांना काळी रेघ होती, आणि यावेळी ते तसंच असायला हवं होतं. सिंधूनं अक्षर न् अक्षर तपासलं. एखादी चूक सापडावी म्हणून तिनं देवाला विनवलं. एखादी वेलांटी, एखादा काना, म्हणजे हे पुन्हा जुळवायला जाईल, आजच्या दिवस तरी छापलं जाणार नाही. एकही चूक नव्हती. इनायतुल्लानं फार जपून जुळवलं होतं.

निर्दोष प्रुफाच्या तळाशी तपासणाऱ्यानं एकच शब्द लिहायचा असतो, 'छापा'. तो शिकायला कुणालाच पुस्तक लागत नाही. सिंधूनं पेन्सिल उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतली. कधी न लिहिलेल्या त्या हातानं, पहिलीतल्या पोरीसारखी ओबडधोबड, सरळ उभी दोन अक्षरं तिनं काढली, आणि सुंदराबाईसाठी ती तिथं एकटी रडली.